तांबडीचे नाल

तिसरा खिळाही बसला नाही. नालबंदाने हातोडीचा हलकासा ठोका दिला, तशी तांबडीच्या पुढच्या खुराची कड तुटली आणि टवका त्याच्या मांडीवर पडला. घोडीने पाय हिसकलासुद्धा नाही. मान खाली घालून ती नुसती उभी राहिली. तेच त्याच्या जास्त जिव्हारी लागले.

"थांबा आता," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून खूर पाहिला. "खिळा ठोकायला जागा कुठे उरलीय? कडेची नुसती चाळण झालीय. टाचा आवळल्यात. चारही नाल काढा. वरून नवा खूर वाढून खाली येईपर्यंत हिला अनवाणीच ठेवायचं."

"अनवाणी?" नालबंद पाय सोडून उभा राहिला. "बाई, या अंगणात खडी आहे. इथं माणूस चपलेशिवाय चालत नाही."

"सुरुवातीला दुखेल. मऊ जमिनीवरून हळूहळू सवय करायची. पण नाल ठोकत राहिलात तर पायच राहणार नाहीत."

तबेल्याचा मालक मुलांना घोड्यावर बसायला शिकवत असे. तांबडी त्याची सगळ्यात गरीब घोडी. नवखे मूल आधी तिच्याच पाठीवर चढे. मालकाने डोके खाजवले.

"थंडी सरेपर्यंत बघतो. सुट्ट्यांत मुलांची गर्दी होते, तेव्हा कामाला आली तर ठीक. नाहीतर व्यापाऱ्याला बोलावतो. घोडामैदान काही लांब नाही."

व्यापारी लंगडी जनावरे कुठे नेतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते.

नालबंदाने सांडशी घेतली. तांबडी शिंगरू असताना तिच्या पायात पहिला नाल त्यानेच बसवला होता. त्याचा बाप नालबंद, आजाही नालबंद. एकेक खिळा सोडवताना त्याला वाटत होते, आपण भरल्या घराच्या खिडक्या उखडतो आहोत. शेवटचा नाल निघाला. कानशीने कडा गोल करून त्याने घोडीला बाहेर आणले. खडीवर पहिले पाऊल टाकताच ती तव्यावर पाय पडल्यासारखी थबकली. पुढे जाईना, मागे येईना.

नालबंदाची बायको याच तबेल्यात घोड्यांची दाणावैरण बघायची. सगळे तिला वहिनी म्हणत. तिने धावत जाऊन पोती आणली आणि घोडीच्या पुढ्यात अंथरली. एक पोते मागून काढायचे, पुढे घालायचे, असे करत दोघांनी तांबडीला पुन्हा ठाणावर नेले.

घरी गेल्यावर तो जेवला नाही.

"तोंड का एवढंसं केलंय?" वहिनी म्हणाली. "नाल तिचे काढलेत, तुमचं नाक नाही कापलं."

"माझंच कापलंय. लोक म्हणतील, नालबंदानंच घोडीचे पाय खाल्ले."

"म्हणू देत. बारा महिने लोखंड घालून तिला पळवली, कधी सुट्टी दिली कुणी? मालकानं नाही, तुम्ही नाही, मीही नाही. आता तिचं बघायचं की आपलं नाक धरून बसायचं?"

तो उठून अंथरुणावर जाऊन पडला. पण दुसऱ्या दिवशी काही काम नसताना तो तबेल्यात गेला. जुन्या टायरची ट्यूब कापून, आत जाड सतरंजीचा तुकडा घालून त्याने तांबडीसाठी बूट शिवले. ते बघून वहिनी हसून हसून लोळायची बाकी राहिली. "नवरीला एवढं कुणी सजवत नाही!" मग मात्र रोज सकाळी तीच ते बूट चढवी आणि तो घोडीला तबेल्यामागच्या मऊ मातीवर फिरवी. काही दिवसांनी बूट काढून मातीवर, मग गवतावर, मग कडक पायवाटेवर. अधूनमधून डॉक्टरीणबाई येत आणि किती घासायचे, कुठे हात लावायचा नाही, ते सांगत. तो मान डोलावी. त्याच्या हाताला खूर नालाच्या मापाने कापायची सवय होती. आता नुसती कड गोल करायची आणि बाकी सोडून द्यायचे. हे सोडून देणे त्याला फार जड जाई.

तांबडी सुधारते आहे असे वाटू लागले, आणि एका सकाळी तिने पुढचा डावा पाय टेकवलाच नाही. खूर गरम लागत होता. मालकाने लांबूनच पाहिले आणि खिशातून फोन काढला.

"उद्या येतोय म्हणाला व्यापारी," मालक म्हणाला. "मला काय हौस आहे का? पण बघवत नाही हे."

वहिनीने डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला. त्या दुसऱ्या गावी होत्या, दुपारपर्यंत येणार होत्या. नालबंद घरी गेला आणि हातोडी, खिळे, नाल घेऊन परतला.

वहिनी ठाणाच्या दारात आडवी उभी राहिली. "काय करताय?"

"बाजूला हो. पायात नाल बसला की तळ उचलला जाईल. चार पावलं धड टाकेल. व्यापाऱ्यापुढं चालून दाखवेल."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर! उद्या तर वाचेल!"

"ठोकणार कुठं? त्या सडक्या कडेत? पाय हातात येईल तुमच्या."

"मग काय करू? हात बांधून बघत बसू? मला हेच येतं गं. दुसरं काही येत नाही मला."

त्याचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत वहिनीने त्याला असे बोलताना ऐकले नव्हते. ती दारातून बाजूला झाली.

त्याने घोडीचा पाय उचलून मांडीत घेतला. तिचे अंग थरथरत होते. नाल टेकवून बघायला त्याने खुरावरचा चिखल पुसला आणि तो थांबला. वर, केसांच्या खाली, नवा खूर उतरत होता. एकसंध आणि घट्ट. त्याखाली जुना खूर, भोकाभोकांचा, चिरफाळलेला. नवा भाग अंगठ्याच्या पेराहून फार मोठा नव्हता. त्याने त्यावरून बोट फिरवले. एकही खिळा त्याला अजून शिवला नव्हता.

नालबंदाने पाय हलकेच खाली ठेवला. नाल आणि खिळे पिशवीत टाकले आणि तो डॉक्टरीणबाईंची वाट बघत घोडीच्या मानेला टेकून उभा राहिला.

बाईंनी येऊन खूर दाबून पाहिला, तळाला छोटेसे छिद्र पाडले, तसा काळा पू भळकन बाहेर आला. "आत साठला होता," त्या म्हणाल्या. "जुना खूर सुटताना होतं असं. पोटीस बांधा." संध्याकाळपर्यंत तांबडीने पाय टेकवला. मालकाने पुन्हा फोन काढला आणि व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून सांगितले. मग वहिनीकडे न बघता म्हणाला, "थंडी सरेपर्यंतच म्हणालो होतो. शब्द तो शब्द."

थंडी सरली. शेवटचे भोक असलेली कड नालबंदाने कानशीने घासून टाकली. तांबडी खडीवरून चालली, आधी जपून, मग सरळ. सुट्ट्यांत मुले आली आणि ती पहिल्यासारखी त्यांना पाठीवर घेऊन अंगणभर फिरू लागली. मालक इतका खूश झाला की त्याने आणखी दोन घोड्यांचे नाल काढायला सांगितले. पलीकडच्या तबेल्यातूनही विचारणा आली. सगळ्यांना नालबंदच हवा होता, नाल काढायला.

"आता तुम्हाला नालबंद कसं म्हणायचं?" वहिनीने गमतीने विचारले. तो हसला, पण लगेच उठून बाहेर गेला.

एके दिवशी काम आटोपून तो अंगणाच्या कठड्याला टेकून हात पुसत उभा होता. अचानक त्याच्या खांद्याला ऊन श्वास लागला. वळून पाहिले तर तांबडी. पाठीवर कुणी नव्हते, दोर सुटून लोंबत होता. एवढी खडी ओलांडून ती आली आणि त्याला चाहूलही लागली नव्हती. तिने नेहमीसारखा पुढचा पाय सैल सोडला. त्याने वाकून तो मांडीत घेतला. ठोकायचे काहीच नव्हते. तळात एक बारीक खडा अडकला होता. अंगठ्याने त्याने तो काढला, आणि पाय जमिनीवर ठेवायच्या आधी थोडा वेळ तसाच हातात धरून राहिला.