बाराव्या मिनिटाची दीप्ती

शिशिरातली दुपार. पिवळी, पातळ, पाय ओढीत चाललेली.

पठारावरचे गवत वाळून सोनेरी झाले होते, आणि सोनेरी होऊनही आता बरेच दिवस लोटले होते. पळसांनी पाने टाकली होती, फुले अजून हाती घेतली नव्हती. वारा होता, पण त्याला कुठे जायची घाई नव्हती. चहूकडे ऊन, ऊन आणि ऊन; आणि त्या उन्हाच्या मधोमध, संशोधनसंस्थेच्या वरच्या मजल्यावर, एक खोली भर दुपारी अंधारात बुडालेली.

त्या अंधाराला एक दार होते. दाराला जाड काळा पडदा होता. पडद्याआड, सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकांवर कपाळ टेकवून, अश्लेषा वाघचौरे बसली होती.

अश्लेषा एकतीस वर्षांची. संगमनेरकडची. पीएच.डी.चे सातवे वर्ष. पहिल्या वर्षी ती संस्थेच्या जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन चढत असे. सातव्या वर्षी ती एकेक पायरी चढते, आणि मधल्या वळणावर क्षणभर कठड्याला हात लावून उभी राहते. दमलेली असते असे नाही. सवय झाली आहे.

तिच्या भिंगाखाली हृदयाच्या पेशी होत्या. काचेच्या चिमुकल्या डिशमध्ये, कोमट द्रवात, जिवंत. एकमेकींपासून विलग, तरीही आपापल्या तालात आकुंचणाऱ्या, प्रसरणाऱ्या. भीतीचा, धावपळीचा, उत्कंठेचा निरोप रक्तातून येतो आणि पेशीच्या दाराशी थबकतो. दार काही उघडत नाही. पण आत एक इवला दूत जागा होतो. त्या दूताचे नाव सायक्लिक एएमपी. तो घरभर धावत सुटतो, ज्याला त्याला सांगतो: उठा, वेग वाढवा, वेळ आली आहे. मग पेशी धडधडू लागते.

दूत कुणालाच दिसत नाही. म्हणून अश्लेषाने पेशींच्या पोटात एक प्रथिन पेरले होते, सागरातल्या जेलीफिशच्या हरिततेजापासून घडवलेले. दूत येऊन त्याला बिलगला की ते प्रथिन उजळते. जिथे निरोप, तिथे दीप्ती. काळोखाच्या पटावर पाचूची कोवळी प्रभा.

त्या प्रभेने तिची तीन वर्षे घेतली होती.

तीन वर्षांपूर्वी तिने पेशींवर औषधाचा एक थेंब सोडला होता. काठावरून हिरवी झळाळी निघाली, आत आत सरकली, मंद झाली. औषध धुऊन टाकले. पेशी निवल्या, काळवंडल्या. आणि बाराव्या मिनिटाला, कुणी हाक मारली नसताना, दाराशी कुणीच आले नसताना, साऱ्या पेशी पुन्हा उजळल्या. काठावरून नव्हे. कुठूनच नव्हे. एकदम, सर्वांगाने, जणू आतूनच काही स्मरल्यासारख्या.

तिच्या मार्गदर्शक डॉ. वसुमती केळुस्कर त्या दिवशी याच अंधारात तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या होत्या, "पेशीला आठवतंय गं."

पेशीची आठवण. तेच त्या शोधाचे नाव झाले. त्याच नावाचा निबंध आता एका मोठ्या नियतकालिकाकडे जाण्याच्या बेतात होता. शुक्रवारी केळुस्करबाईंचे निवृत्तीचे व्याख्यान होते, त्याचेही शीर्षक तेच. पस्तीस वर्षांच्या तपाला शेवटी लागलेले एक हिरवे फूल.

आणि आज मंगळवार होता.

आज अश्लेषाने जे केले, ते तिला कुणी करायला सांगितले नव्हते. तिने कंट्रोल म्हणून, म्हणजे पडताळ्यासाठी, मुके प्रथिन घेतले होते. तेच प्रथिन, तोच हरितवर्ण. पण त्याची मूठ मोडलेली, दूताला धरू न शकणारी. निरोप आला तरी त्याने उजळायचे नाही. उजळले, तर तो प्रकाश निरोपाचा नव्हे, दुसऱ्याच कशाचा तरी.

थेंब पडला. मुक्या पेशी काळ्याच राहिल्या. छान. पहिली झळाळी खरी होती.

अकरा मिनिटे गेली. तिने मान मोकळी केली, डोळे चोळले, पुन्हा नेत्रिकांवर टेकवले.

बाराव्या मिनिटाला मुक्या पेशी उजळल्या.

सर्वांगाने, कोवळ्या, सुंदर, निःशब्द. तशाच. अगदी तशाच.

तिने नवी डिश घेतली. पुन्हा बारावे मिनिट, पुन्हा तीच हिरवाई. आणखी एक डिश घेतली, आणि यावेळी औषधाचा थेंबही दिला नाही. काहीच दिले नाही. नुसते पाहत बसली. बाराव्या मिनिटाला, काहीही न मागता, काहीही न मिळता, पेशी उजळल्या.

मग ती खुर्चीत मागे रेलली. रडू आले नाही. राग आला नाही. फक्त सात वर्षांचा शीण, जो इतके दिवस अंगावर शालीसारखा होता, तो ओल्या घोंगडीसारखा जड झाला.

कुणालाही कळले नसते, हेही खरे. डिशेस धुऊन टाकायच्या, फाइल पुसायची, शुक्रवारी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. तीन महिन्यांत पदवी. बाईंना सन्मानाचा निरोप. तो विचार आला, शेजारी बसला, बराच वेळ बसला. त्याला हाकलण्याचेही त्राण तिच्यात नव्हते. पण त्याच्याबरोबर आयुष्यभर राहायचे, रोज त्याला जेवू घालायचे, याचा विचार करूनच ती अधिक थकली.

ती उठली. पडदा सारला. व्हरांड्यातल्या उन्हाने डोळे दिपले. भिंतीचा आधार घेत ती बाईंच्या खोलीपर्यंत गेली.

केळुस्करबाई पुस्तके खोक्यांत भरत होत्या. साठीची कृश मूर्ती, खादीची करडी साडी, चष्म्याची दोरी गळ्यात. अर्धी कपाटे रिकामी झाली होती, आणि रिकाम्या फळ्यांवर धुळीच्या रेघांनी पुस्तकांची जागा अजून धरून ठेवली होती.

"मॅडम, मुका कंट्रोल केला."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

बाईंनी हातातले पुस्तक खोक्यात ठेवले नाही, फळीवरही ठेवले नाही. "आणि?"

"तोही उजळतोय. बाराव्या मिनिटालाच. पेशी औषध न देता ठेवल्या, तरीसुद्धा."

खिडकीबाहेर एक वाळके पान फांदीवरून सुटले, आणि खाली पोचायला त्याने फार वेळ घेतला.

"किती वेळा केलंस?"

"तीनदा."

"मग चौथ्यांदा माझ्यासमोर कर."

दोघी अंधारात गेल्या. एक तरुण थकवा आणि एक वृद्ध थकवा, शेजारी शेजारी. डिश ठेवली. थेंब नाही, औषध नाही, हाक नाही. मिनिटामागून मिनिटे निथळत राहिली. बाराव्या मिनिटाला केळुस्करबाई नेत्रिकांवर वाकल्या, आणि तो हिरवा उजेड त्यांच्या पापण्यांच्या कडांवर उमटला. सुरकुत्यांच्या जाळीत क्षणभर पाचूचे दव चमकले.

त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. निरोप घेताना माणसे पाहतात, तशा.

मग त्यांनी दिवा लावला. डिशभोवतीच्या उबदार पेटीवर त्यांची कृश बोटे फिरू लागली. या पेटीत कर्बवायू कोंडून ठेवतात. तो असला की द्रवातली आम्लता टिकते. तो निसटला की आम्ल उणे होते, आणि आम्ल उणे झाले की हिरवे प्रथिन आपोआप उजळते, निरोप असो वा नसो. मागच्या कडेला त्यांचे बोट थांबले. तिथले रबर जीर्ण होऊन चिरले होते. केसाएवढी चीर.

"इथून जातोय," त्या म्हणाल्या. "हळूहळू जातो. बारा मिनिटं लागतात त्याला."

केसाएवढ्या चिरेतून वायू गेला होता. तीन वर्षे गेली होती.

"औषध न दिलेल्या पेशी आपण तेव्हाही पाहिल्या होत्या, मॅडम," अश्लेषा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "पण दहाच मिनिटं पाहिल्या. मी वहीत तसं लिहिलंय."

"दहा मिनिटं पुरेत, असं मीच म्हटलं होतं. जेवायची वेळ झाली होती तुझी." बाई स्टुलावर बसल्या. चष्मा काढून पदराने पुसू लागल्या, पुसतच राहिल्या. "किती सुंदर होतं गं. सुंदर होतं, म्हणून मी त्याला आणखी काही विचारलंच नाही."

अश्लेषाने बाईंच्या हातातला चष्मा घेतला, दिव्याकडे धरून पाहिला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"शुक्रवारचं व्याख्यान रद्द करायचं का, मॅडम?"

"छे! सगळ्यांना आमंत्रणं गेलीत." बाई पहिल्यांदाच किंचित हसल्या, थकलेले, वाकडे हसू. "शीर्षक बदलू. आणि तुझ्या मुक्या पेशी मला दे."

शुक्रवारी सभागृह भरले होते. केळुस्करबाईंनी पडद्यावर दोन चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या: एकीत बोलक्या पेशी, दुसरीत मुक्या. दोन्हींकडे बारावे मिनिट आले, दोन्हींकडे हरितप्रभा फुलली. सभागृहात कुजबुज उठली आणि विरली. बाई म्हणाल्या, "आम्ही तीन वर्षं जिला पेशीची आठवण समजलो, ती आमच्या पेटीची गळती होती. हे शोधून काढलं अश्लेषा वाघचौरे हिनं, कुणी सांगितलेलं नसताना. माझ्या पस्तीस वर्षांतला हा सर्वांत खरा प्रयोग, आणि तो माझा नाही."

टाळ्या आल्या, पण उशिरा आल्या, आणि अवघडून आल्या. पुढच्या रांगेतले काहीजण घड्याळाकडे पाहत होते. निबंध पाठवलाच गेला नाही. अश्लेषाची पदवी एक वर्ष, कदाचित दीड वर्ष लांबली. पहिली झळाळी तेवढी उरली. काठावरून निघणारी, आत सरकणारी, खरी, पण जगाला आधीपासूनच ठाऊक असलेली. त्यात भर घालण्याजोगे काही सापडेलही. सापडणारही नाही.

सभागृहाबाहेर बाईंनी तिला थांबवले. जवळ येऊन तिच्या कानामागून सुटलेली बट मागे सारली. मग खाली उभ्या असलेल्या गाडीकडे सावकाश चालत गेल्या.

अश्लेषा खोलीकडे परतली नाही. जिन्याजवळच्या पायरीवर बसली, भर उन्हात, चपला काढून. दगड तापलेला होता. किती वर्षांत ती दुपारी उन्हात बसली नव्हती.

तिने डोळे मिटले. आणि मिटल्या पापण्यांआड हळूहळू एक रंग भरत आला. हिरवा नव्हे. लाल. तिच्याच रक्तातून गाळून आलेला सूर्य, उबदार, गडद, कशाचाही पुरावा नसलेला. तिने त्याला काही विचारले नाही. त्यानेही काही सांगितले नाही. खांदे सैल झाले, श्वास लांबला, मान भिंतीला टेकली. आणि त्या लालिम्यात, त्या निःशब्द, निरर्थक, निवांत लालिम्यात, ती दमलेली मुलगी हळूहळू, हळूहळू, झोपी गेली.