कंसमामी आणि अण्णांच्या चिठ्ठ्या

"अगं बाई, अण्णांच्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

कंसमामी इतक्या मोठ्यानं बोलली की पडद्यापुढे मान डोलावत बसलेले साहेब दचकलेच.

"कसल्या चिठ्ठ्या, मॅडम? अहो, किती सुरेख दिसतंय हे! आता कुणीही वाचू शकेल."

सुरेख दिसत होतं, यात वादच नव्हता. शहराच्या पाण्याचे नऊ पंप कधी सुरू करायचे, कधी थांबवायचे, हे ठरवणारा तो अठ्ठावीस वर्षं जुना प्रोग्रॅम अण्णांनी एकहाती लिहिलेला. अण्णांचं डोकं सोन्याचं, पण लिहिणं म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय. ओळी वाटेल तशा पुढेमागे, आणि एखादा कंस उघडला की तो मिटला कुठे, हे शोधता शोधता चहा गार व्हायचा. ते कंस मोजण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. म्हणून अण्णांनीच तिला कंसमामी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की हजेरीपुस्तकाबाहेर तिचं खरं नाव कुणी घेईना.

अण्णा निवृत्त झाले, नवे साहेब आले, आणि त्यांनी स्पष्टच सांगितलं, "एक तारखेपर्यंत हे माणसाला वाचता येईल असं करा. नाहीतर सगळं भंगारात काढतो आणि तयार प्रणाली आणतो."

मामीनं पदर खोचला. चार महिने खपून तिनं एक अवजार तयार केलं. ते अण्णांचा प्रोग्रॅम वाचायचं, त्यातला अर्थ तेवढा काढून घ्यायचं आणि त्याचं एक झाड मांडायचं. अट ही फांदी, त्या अटीखाली करायची कामं या तिच्या डहाळ्या. मग जुनी अक्षरं बाजूला ठेवून त्या झाडावरून सगळं पुन्हा नव्यानं, नीटनेटकं लिहून काढायचं. अर्थ तोच, फक्त इस्त्री केलेला.

आणि आज दाखवायच्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की झाडात फक्त यंत्राला लागतं तेवढंच येतं. अण्णांनी माणसांसाठी ओळीओळींमध्ये लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या यंत्राच्या काय कामाच्या? त्या झाडात आल्याच नाहीत. चार हजार एकशे सहा चिठ्ठ्या, सगळ्या साफ.

"यंत्र कुठे चिठ्ठ्या वाचतं?" साहेब म्हणाले. "राहू द्या. काम झालं की!"

होय म्हणाली असती तर सुटली असती. पण तिला ती एक चिठ्ठी तोंडपाठ होती: *इथे चाळीस सेकंद थांबा. घाई केली तर खालच्या गल्लीतली नळी फुटते. दोनदा फुटली आहे. मी भिजलो आहे.*

"साहेब, उद्या कुणी शहाणा येईल, हे चाळीस सेकंद कशाला म्हणेल आणि काढून टाकेल," ती म्हणाली. "मग त्या गल्लीत तुम्ही जाणार का बादली घेऊन? मला एक तारखेपर्यंत वेळ द्या."

"एक तारीख पुढच्या शुक्रवारी आहे."

"माहीत आहे मला!"

घरी आली ती तोंड पाडूनच. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत एक जुना कोट उसवत बसला होता. तिचा चेहरा बघून त्यानं कात्री खाली ठेवली.

"काय गं? साहेबानं नाक मुरडलं?"

"त्याला आवडलं हो! मलाच नाही आवडलं." तिनं सगळं सांगितलं. "तुम्ही उसवता तसंच उसवलं मी. पुन्हा शिवलंही सरळ. पण अण्णांनी टाचलेल्या चिठ्ठ्या उसवताना गळून पडल्या."

"शिवणीवर टाचल्या असतील."

"म्हणजे?"

"हे बघ." त्यानं कोटाची बाही उचलली. तिच्यावर कागदाचा एक तुकडा टाचला होता: *उजवा खांदा उतरता.* "शिवण काय, उसवणारच. म्हणून चिठ्ठी नेहमी कापडाला टाचायची. मग बाही कुठेही ने, चिठ्ठी तिच्याबरोबर जाते. एवढं साधं तुला कळत नाही, आणि म्हणे पंप चालवते!"

मामी बघतच राहिली. चिठ्ठी ओळीला नाही, फांदीला टाचायची! छाटणी करण्याआधीच प्रत्येक चिठ्ठी तिच्या जवळच्या डहाळीला बांधून टाकायची. मग डहाळी छापली जाईल तिथे चिठ्ठीही छापली जाईल.

"अहो, तुम्ही ना…" ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

सांगायला सोपं, करताना नाकी नऊ आले. पहिल्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या शेवटी एका ढिगात पडल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चिठ्ठी शेजारच्या घरी जाऊन बसली. सोमवारी मात्र गाडी रुळावर आली. तिनं छापलेलं सगळं पुन्हा वाचून त्याचं नवं झाड केलं आणि जुन्या झाडाशी ताडून पाहिलं. तीनशे बारा फायली, एका पानाचाही फरक नाही. चिठ्ठ्या चार हजार एकशे सहा. तिनं खुर्चीतच एक गिरकी घेतली.

"पण त्या योग्य जागी आहेत, हे सांगणार कोण?" साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि उत्तर एकच होतं.

मंगळवारी कागदांचा गठ्ठा घेऊन ती अण्णांच्या घरी गेली. अण्णा भिंग घेऊन खिडकीशी बसले होते.

"आलीस? माझ्या लिहिण्याला इस्त्री करतेस म्हणे. एकोणीस वर्षं सांगतोय, जे चालतंय त्याला हात लावू नये."

"हात नाही लावला, अण्णा. फक्त तुमच्या चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत का, तेवढं बघा."

अण्णा बघत बसले. तास गेला, दोन तास गेले. वहिनींनी दोनदा चहा दिला. चूक सापडेना, तशी अण्णांची चिडचिड वाढली. मग एकदम त्यांनी पानावर बोट आपटलं.

"ही बघ! सापडली! ही ओळ बाहेर काढलीस. ही आत होती."

मामी वाकली. दर गुरुवारी सकाळी होणाऱ्या तपासणीचा भाग होता तो. पाणी मोजणारं यंत्र बिघडलं असेल तर घंटा वाजवा आणि तिसरा पंप थांबवा. अण्णांच्या मूळ लिखाणात दोन्ही ओळी अटीखाली सारख्याच आत सरकवलेल्या होत्या. हिच्या छपाईत घंटेची ओळ आत होती आणि पंप थांबवायची ओळ बाहेर आली होती.

"मी नाही काढली, अण्णा," ती हळूच म्हणाली. "झाडात ती तिथेच आहे. दोन्हींना मिळून कंस घालायचा तुमचा राहिला. कंस नसला की अट पहिल्या ओळीपुरतीच लागते. डोळ्याला ती आत दिसते, यंत्राला नाही. पाणी मोजणारं यंत्र बिघडो न बिघडो, दर गुरुवारी तिसरा पंप थांबतो."

तिसरा पंप! दर गुरुवारी सकाळी सातला बंद पडायचा, म्हणून पंपवाल्यानं त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. रुसला की हातानं समजूत काढायची. ती तपासणी घातल्यापासून अकरा वर्षं हे चाललं होतं. मोटर दोनदा बदलली, पंपवाल्यानं शिव्या खाल्ल्या, अण्णांनी ते पान शंभरदा वाचलं, मामीनंही वाचलं. दोघांच्याही डोळ्यांनी दोघांना फसवलं होतं.

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. मामीला वाटलं, आता काही खरं नाही. पण म्हातारा पोट धरधरून हसायला लागला.

"कंस! अगं कंसमामे, कंसच राहिला माझा! आण ती पेन्सिल."

त्यांनी त्या ओळीशेजारी थरथरत्या अक्षरांत काहीतरी लिहिलं, कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाकी सगळं जागच्या जागी आहे. सांग तुझ्या साहेबाला, मी तपासलंय." एकोणीस वर्षांत त्यांनी तिचं कधी कौतुक केलं नव्हतं. तेही त्यांनी आजच केलं. "झकास छापलंस, पोरी."

बुधवारी मामीनं तो राहिलेला कंस घातला आणि नवा प्रोग्रॅम पंपांवर चढवला. गुरुवारी सकाळी पावणेसातला साहेब स्वतः पंपघरात येऊन उभे राहिले. सात वाजले. सव्वासात झाले. पंपवाला हातात पाना घेऊन जावईबापूंकडे टक लावून बघत होता आणि जावईबापू आपले मजेत गुरगुरत होते.

"मामी, हे तर नांदायलाच लागले!" तो ओरडला. "आता मी गुरुवारी करू तरी काय?"

"उशिरा ऊठ," मामी म्हणाली.

साहेबांनी घसा साफ केला. "मॅडम, तयार प्रणालीवाल्यांना मी नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "आणि ते अवजार बाकीच्या कचेऱ्यांनाही दाखवावं लागेल तुम्हाला."

कचेरीत परतल्यावर तिनं अण्णांची पेन्सिलीची चिठ्ठी त्या ओळीवर टाइप केली: *इथला कंस माझा राहिला होता. अकरा वर्षं पंपाला शिव्या दिल्या. चूक कंसमामीच्या छपाईनं पकडली.* शेवटचं वाक्य गाळावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण चिठ्ठी अण्णांची. आपण कोण गाळणारे?

तिनं अवजार पुन्हा एकदा चालवलं. सगळा प्रोग्रॅम उसवला गेला, पुन्हा शिवला गेला. शेवटी पडद्यावर आकडा आला, चार हजार एकशे सात. तिनं ते पान उघडून पाहिलं. चिठ्ठी जिथल्या तिथे होती.