मथुरेने लावलेला कौल

गावात कुणाच्या घरी काय शिजतं आणि कुणाच्या पोटात काय आहे, याचा पत्ता मथुरेला घरच्या माणसांआधी लागे. फक्त स्वतःच्या सुनेच्या बाबतीत ती तीनदा फसली होती. कावेरीला दिवस जात, मथुरा बाळंतविड्याला हात घाली, आणि चौथ्या महिन्यात सगळं वाहून जाई.

या खेपेला तिचा मुलगा हरिश्चंद्र, मालवणच्या कचेरीतला कारकून, रजा काढून बायकोला मुंबईच्या डॉक्टरला दाखवून आला. आला तो ऍस्पिरिनच्या गोळ्या घेऊन.

"ही तर डोक्याची गोळी," मथुरा म्हणाली. "हिचा डोक्या बरा आसा. दुखता ता तुझा."

"आये, ऐक तरी. वारेत, नाळ जुळता थंय, रक्ताच्या गुठळ्या होतत, म्हणान पोराक रगत पोचना नाय. रोज जेवल्यावर पाव गोळी घेतली की रगत पातळ ऱ्हवता. उपाय नवीन आसा, खात्री नाय म्हणालो डॉक्टर. पण करून बघूया."

मथुरेच्या मते या घरात आजवर काही पातळ झालं नव्हतं. पातळ म्हणजे शेजारच्या शेवंतीचं सांबारं, ज्यात पाहुण्याला स्वतःचं तोंड दिसे. पण खरी भीती निराळी होती. मागच्या तिन्ही वेळी रक्त तिनेच पुसलं होतं. जाडं होतं तरी थांबलं नाही, ते पातळ करून थांबणार कसं?

"देवाक विचारल्याशिवाय एक तुकडो पोटात जावचो नाय," असं म्हणून तिने पाकीट कनवटीला खोचलं. कचेरीत साहेबापुढे आणि घरी आईपुढे गप्प बसण्यात हरिश्चंद्राचा हात कुणी धरला नसता.

सोमवारी देवळात परशुराम गुरवाने पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "ही लेकरां तुझ्या दारात इली आसत. रगत पातळ करूचा औषध सुनेक देवचा काय नाय, ता सांग रे महाराजा." उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी लगेच पडली.

मथुरेने हात जोडले. मनासारखं झालं होतं, तरी पाय निघेना. ती खांबाला टेकून बसली. परशुरामाने तिथेच डबा उघडून भाकरी खाल्ली आणि कनवटीची पुडी सोडून पांढऱ्या गोळीचा तुकडा तोंडात टाकला.

"कसली रे ती, भावजी?"

"छातीत कळ इल्ली न्हय माका गेल्या वर्षी? तेव्हापासून. कोल्हापूरचो डॉक्टर म्हणता, रगत पातळ ऱ्हवाक व्हया."

मथुरेने आपलं पाकीट त्याच्या पुडीशेजारी धरलं. नाव तेच.

"आणि तुका कौल उजवो दिल्यान?"

परशुराम पाकळ्या गोळा करू लागला. "माका? मी विचारूकच नाय, वैनी. आणि देव नाय म्हणालो असतो, तर?"

घरी कावेरी पडवीत वाट बघत होती. मथुरेने आजवर देवाचा शब्द कधी फिरवला नव्हता. त्यावरच गाव तिला वचकून होतं. तिने आताही फिरवला नाही.

"डावो," ती म्हणाली.

कावेरीने हात पुढे केला. "द्या."

"ऐकलंस न्हय? डावो पडलो."

"ऐकलंय, आई. तुमी विचारलास, तुमका सांगल्यान. पोटात माझ्या आसा."

इतकं तोंड सुनेने पहिल्यांदाच उघडलं होतं. एरवी मथुरेने त्याची सव्याज वसुली केली असती. ती उठली, पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला, पदराला पुसला आणि सुपारी कातरावी तशी गोळी कातरून पाव भाग सुनेच्या तळहातावर ठेवला.

"हरिश्चंद्राक कौलाचा सांगा नको," ती म्हणाली. "कळला तर तो भितलो. आणि आधी जेव."

चौथा महिना सरला, पाचवा लागला. मथुरा सोमवारी देवळात जात राहिली. फुलं वाही, नमस्कार करी, परशुरामाच्या छातीची चौकशी करी. विचारायचं काही आहे का, असं त्याने म्हटलं की ती घाईघाईने उठे आणि चूल पेटती सोडून आले म्हणून सांगे.