मैनेचं धारोष्ण दूध

नवऱ्याची शिसारी येते म्हणजे काय होतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं. राग बऱ्याचदा आला होता. तो पोळ्या लाटता लाटता जिरतो. शिसारी जिरत नाही, घशाशी बसून राहते.

कात्रजच्या पुढे आमचं गाव, आता महापालिकेत गेलेलं. शेतावर बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि आमचे हे, मच्छिंद्रशेठ, निवडणुकीचं तिकीट मागत हिंडू लागले. शेतकरी असल्याची खूण म्हणून पार्किंगमागे एक गाय ठेवलेली, मैना. तिचं शेण मी काढायचं, फोटोपुरता मानेवर हात यांनी ठेवायचा.

ती मैना दिवस भरायच्या आत गाभडली. वार पडेना, आतच कुजली. त्या वासानं मला दोन दिवस अन्न गेलं नाही. जनावरांच्या डॉक्टर प्रियदर्शनीबाई आल्या, हातमोजे घालून सगळं साफ केलं आणि तपासायला रक्त नेलं. पुढे रिपोर्ट घेऊन आल्या. सेरॉलॉजी पॉझिटिव्ह, ब्रुसेला.

"त्ये सेरॉलॉजी म्हंजे काय, मराठीत सांगा," हे म्हणाले.

"रक्त गोठलं की वर पिवळट पाणी सुटतं. ते तपासायचं. शरीर ज्या रोगाशी झुंजतं त्याच्या खुणा त्या पाण्यात सापडतात. जनावर वरून धडधाकट दिसलं तरी आत काय शिरलंय ते कळतं. हिचा रोग दुधातून माणसाला होतो. कच्चं दूध कुणी तोंडाला लावू नका. गरोदर बाईला तर गोठ्यात येऊच देऊ नका, पोटातलं मूल जाऊ शकतं. गाय वेगळी बांधा आणि कुणाला विकू नका."

"पर वरून दिसत न्हाई म्हणता?"

"नाही."

"मग झालं तर," हे म्हणाले आणि हसले.

ते हसू मला तेव्हा समजलं नाही. यांच्या वाढदिवसाच्या सकाळी चौकात फ्लेक्स लागला, तेव्हा समजलं. हात जोडलेला यांचा फोटो, शेजारी हार घातलेली मैना आणि खाली 'गरजू भगिनीस दुभती गाय दान'. भगिनी म्हणजे कांताबाई. वर्षानुवर्षं आमची भांडी घासून तिची बोटं झिजली. तिची सून तनुजा पोटुशी होती, सहावा महिना.

मी तशीच घरात आले. हे आरशासमोर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालत होते.

"अहो, तनुजा पोटुशी हाय! काही वाटतं का?"

"हळू बोल. डॉक्टरीण इकू नका म्हणली, दान देऊ नका म्हणली का? आन त्या लोकांना काय हुतंय, कायबी पचवत्यात."

अंगावर पाल पडावी तसं झालं मला. याच माणसाच्या ताटात मी इतकी वर्षं वाढत होते. मी कांताबाईच्या खोलीकडे पळाले, तर दाराला कुलूप. सगळे वाढदिवसाच्या मांडवात गेले होते.

मांडवात स्पीकरचा गोंगाट, गर्दी. वाट काढत पुढे पोचले तेव्हा कांताबाई मैनेखाली बसून धार काढत होती. तिच्या तोंडावरचा आनंद मला बघवेना. फेसाळलेला पेला घेऊन ती यांच्यासमोर वाकली.

"पयली धार तुमची, शेठ. धारोष्ण हाय, घ्या."

फोटोवाला सरसावला. यांनी पेला घेतला. हसू तसंच होतं, पण पेला ओठांपर्यंत जाईना.

"आज माझा निर्जळी उपास हाय," हे म्हणाले आणि इकडेतिकडे बघून पेला तनुजाच्या हातात दिला. "पोटुशीचा मान पयला. पी पोरी, गुटगुटीत हुईल."

तनुजा लाजली. तिनं पेला उचलला.

मी तो हिसकावला आणि होतं नव्हतं तेवढं दूध यांच्या तोंडावर फेकलं. "कांताबाई, गाय रोगी हाय! रिपोर्ट आलाय!" असं ओरडले, पण स्पीकरपुढे माझा आवाज कोण ऐकणार?

ऐकायची गरजही पडली नाही. हे थुंकत सुटले. ओठ चोळत, जीभ सदऱ्याच्या बाहीला घासत, "साबण आणा, साबण!" करत मांडवातल्या पिंपाकडे धावले आणि तिथं ओणवं होऊन खाकरत, ओकत राहिले. चार थेंबांसाठी! आणि त्या पोरीला अख्खा पेला पाजत होते.

कुणीतरी स्पीकर बंद केला. कांताबाई यांच्याकडे नुसती बघत होती. मग तिनं तनुजाला मागं सारलं, तिचे दोन्ही हात आपल्या पदरानं पुसले. मैनेचं दावं सोडलं आणि पिंपाशी जाऊन यांच्या ओल्या हातात ठेवलं.

"शेठ," ती म्हणाली, "तुमचं तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

तिच्यामागोमाग मीही मांडवाबाहेर पडले.