तळ्याचं हिरवं पातळ

"आईनं पातळ नेसलं! हिरवं पातळ नेसलं!" तळ्याकाठच्या देवीच्या देवळापुढे झिपरू भगत घुमत ओरडला आणि काठावरच्या बायांनी हात जोडले.

असोद्यापलीकडच्या त्या गावाचं तळं वैशाखात आठ दिवसांत खरोखरच हिरवंगार झालं होतं. पाण्यावर दाट साय धरली होती. ते पाणी पिऊन दोन म्हशी मेल्या. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की पूर्वेच्या काठावरची माणसं डोळे चोळत खोकत सुटायची.

"हा आईचा श्वास! ज्याच्या मनात खोट, त्यालेच लागतो. ओटी भरली त्यानं माह्या बाजूले या. बाकीच्यांनी पल्याड राहून लिंबाच्या डहाळ्यांनी पाणी झोडा, आईले थंड करा!"

आणि नवल असं की भगताच्या बाजूला कुणी खोकत नसे.

सुनंदाचं घर पूर्वेच्या काठावरच. पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकून आलेल्या या सुनेशी गावात कुणी मोकळं बोलत नसे. नवरा जीवराम भुसावळला रेल्वेत, यायचा तो रविवारी. बाकीचे दिवस ती पाच महिन्यांच्या कुंदाच्या छातीला कान लावून बसे. आत बारीक शिट्टी वाजत होती. वारा आला की वाजे, पडला की थांबे. मागच्या केळीच्या बागेत नेलं की कुंदा खुदकन हसे. हे सांगायचं कुणाला?

"शुक्रवारी पोरीले तळ्यात आंघोळ घालू. भगतानं सांगतलं," सासू बेबाबाई म्हणाली.

"आत्याबाई, त्या पाण्यानं म्हशी मेल्या."

"म्हशींनी ओटी भरली व्हती का?"

पण खिडकीतून सुनंदानं एक पाहून ठेवलं होतं. भगताची नजर देवीकडे कमी आणि देवळाच्या झेंड्याकडे जास्त. मंगळवारी वारा फिरला, तसा यानं आपला पाट उचलून दुसऱ्या काठाला नेला. 'आईनं दिशा बदलली' म्हणे! बुधवारी वारा पुन्हा पश्चिमेचा झाला आणि पाटही जुन्या जागी आला.

शुक्रवारी सगळं गाव जमलं. भगतानं हात पुढे केले. सुनंदानं कुंदाला घट्ट धरलं.

"पोर देते. पण आधी तुम्ही माझ्या ओट्यावर बसून मंत्र म्हणा, मी तुमच्या पाटावर बसते. तुमच्या मनात तर खोट नाही ना?"

"आईची आज्ञा नाही!"

"आईची की झेंड्याची?"

बेबाबाईनं कपाळावर हात मारला. पण जिची म्हैस मेली होती ती भिकुबाई पुढे आली. "बस ना रे झिपरू! भ्यायला का काय?"

लोक हसले, भगताला बसावं लागलं. बायांनी पाणी झोडलं, वारा सुटला. दोन ओळी मंत्र झाला. तिसरीला भगत असा खोकू लागला की डोळ्यांतून धारा लागल्या. पलीकडे, ओटी न भरता पाटावर बसलेल्या सुनंदाच्या मांडीवर कुंदा शांत झोपली होती.

"हे पातळ नाही, शेवाळ आहे," सुनंदा म्हणाली. "केळीच्या खताची रिकामी पोती आपण याच तळ्यात धुतो. त्या खतावर ते माजलं. त्यात विष असतं. पाणी झोडलं की ते बारीक तुषारांतून उडतं आणि वारा नेईल तिकडे जातं. समुद्रावरही असं शेवाळ माजलं की किनाऱ्यावरची माणसं खोकतात. तिथे कोणाची ओटी राहिली होती? पाणी झोडू नका, पिऊ नका, गुरांना पाजू नका. पोती इथे धुऊ नका."

भगत कधी सटकला ते कळलंही नाही. माणसं पांगली. सुनंदा पोरीला घेऊन एकटीच बागेकडे गेली. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे कुणी फिरकलं नाही.

सकाळी तिनं दार किलकिलं केलं. भिकुबाई हंडा घेऊन तळ्याला वळसा घालून लांबच्या विहिरीकडे चालली होती. मागच्या अंगणात बेबाबाई खताची पोती कोरडीच झटकत होती. सुनेकडे न बघता म्हणाली, "दार लाव. पोरीले वारा लागीन."

वाचणाऱ्या आयाबायांनो, कुणी तुमच्या लेकराच्या खोकल्याला पाप चिकटवू लागला, तर हात जोडण्याआधी वारा कुठून येतो तेवढं बघा.