मी दाखवलेला हिरवा रंग

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्यावर एक टॉवेल पांघरलेला आहे. टॉवेल शेजारच्या धुलाईघरातलाच, कोपऱ्याला फाटला म्हणून इस्पितळाने परत न घेतलेला. सुरू होताना माझा पंखा कुरकुरतो, एंटरच्या बटणावरची अक्षरे झिजून गेली आहेत आणि पडद्याच्या डाव्या कडेला एक उभी रेघ कायमची मुक्कामाला आली आहे. एवढे वय झाल्यावर आयुष्यातल्या गमतीजमती सांगाव्यात असे कुणालाही वाटेल. मलाही वाटते. पण माझ्या मनावर एक ओझे आहे, आणि ते उतरवल्याशिवाय मला दुसरे काही सुचायचे नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. एका लांब टेबलाशी बसलेल्या माणसांनी मला स्क्रू स्क्रू करून जोडले, सुरू करून पाहिले आणि खोक्यात घातले. खोक्यावर 'ही बाजू वर' असे ठळक लिहिले होते, तरी सगळा प्रवास मी उताणा केला. शेवटी एका मोठ्या धुलाईघरात येऊन पोचलो. इथे इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले धुतले जात. सुरुवातीला मी दारापाशी गाड्यांच्या वेळा सांभाळायचो. मग एके दिवशी साबणाच्या गोदामातले पिंप हलवले, तिथे चार खुर्च्या मांडल्या, भिंतीवर 'प्रशिक्षण कक्ष' अशी पाटी ठोकली आणि मला तिथे आणून ठेवले. साबणाचा वास अजून गेलेला नाही.

माझ्यात नवे सॉफ्टवेअर घातले होते. कामगाराने माझ्यासमोर बसायचे, आपला क्रमांक दाबायचा, चित्रफीत बघायची आणि दहा प्रश्नांची उत्तरे द्यायची. ओझे कसे उचलावे, डोळ्यात साबण गेला तर काय करावे, असे बारा धडे होते. सगळ्यात मोठा धडा चाळीस मिनिटांचा, इस्त्रीच्या रोलरचा. हा रोलर म्हणजे माणसाच्या उंचीचे तापलेले यंत्र. एका बाजूने ओली चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते.

कुणाचे शिक्षण झाले आणि कुणाचे राहिले, याचा अहवाल मी दर महिनाअखेरीला काढायचो. झालेल्यांची ओळ हिरवी, राहिलेल्यांची लाल. तो कागद वरच्या कचेरीत जायचा. मला माझ्या या कामाचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! कपडे तर कुणीही धुईल, पण माणसांचा हिशेब एका नजरेत दाखवणारा मी एकटाच, अशी माझी समजूत होती.

या खोलीची व्यवस्था ताईंकडे होती. त्या तिशीच्या, चटपटीत आणि सगळ्यांच्या लाडक्या. पहिले वर्षभर त्यांनी जीव ओतून शिकवले. कुणाला वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवायच्या, कुणी घाबरला तर "हा काही चावत नाही" म्हणून माझ्या डोक्यावर टपली मारायच्या.

मग एकदा महिन्याच्या शेवटच्या दिवशी दोन इस्पितळांचे कपडे एकदम आले. यंत्र सोडून कुणी हलेना आणि माझ्या पडद्यावर सात ओळी लाल. वरून फोन आला, "अजून सात का?" ताईंनी दार लोटले, पहिल्या कामगाराचा क्रमांक दाबला, चित्रफीत भराभर पुढे सरकवली आणि उत्तरे स्वतःच दिली. त्यांना ती पाठच होती. मग दुसऱ्याचा क्रमांक, मग तिसऱ्याचा. "पुढच्या आठवड्यात एकेकाला बसवून घेईन," असे त्या पुटपुटल्या. त्यांच्या मनातही तेच होते, हे मी शपथेवर सांगतो.

पुढचा आठवडा कधी आलाच नाही. सातांचे पंधरा झाले, पंधरांचे सव्वीस. महिन्याची शेवटची दुपार आली की दार लोटायचे आणि तासाभरात सगळ्यांना हिरवे करून मोकळे व्हायचे, हा शिरस्ताच पडला.

माझ्या अहवालात आणखी एक रकाना होता, 'सुरुवात आणि लागलेला वेळ'. चाळीस मिनिटांच्या धड्यापुढे मी इमानदारीने 'दोन मिनिटे दहा सेकंद' असे लिहायचो. पण त्या रकान्यामुळे अहवाल एका पानात मावेना, आणि वरच्या साहेबांना एकच पान हवे असे. ताईंनी तो रकाना झाकून टाकला. मी हूं की चूं केले नाही. उलट त्यानंतर पान किती देखणे दिसते, हेच बघत बसलो. त्या वर्षी शंभर टक्के हिरव्या अहवालाबद्दल आम्हाला प्रशस्तिपत्र मिळाले. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी फुगलो.

आता घडीवाल्या मावशींबद्दल सांगतो. त्यांना सगळे याच नावाने ओळखायचे, कारण चादरीची घडी घालावी तर त्यांनीच. दोन कोपरे चिमटीत धरून एक झटका दिला की चादर जणू स्वतःहून दुमडायची. त्यांची रोलरवर नवीनच बदली झाली होती. एका दुपारी त्या एप्रनला हात पुसत दारात आल्या.

"ताई, जरा वेळ आहे का गं? तो रोलरचा धडा मला एकदा दाखव ना. ते कुलपाचं काहीतरी आहे म्हणतात सगळे."

ताई कसलीशी यादी करत होत्या. त्यांनी मान वर न करताच मावशींचा क्रमांक दाबला. "मावशी, तुमचा झालाय की."

"माझा? कधी?"

"मागच्याच महिन्यात. हे बघा, हिरवं आलंय. दहापैकी दहा."

मावशी माझ्याजवळ आल्या. डोळे बारीक करून त्यांनी आपली ओळ शोधली. मित्रांनो, मी त्यांना हिरवा रंग दाखवला. झगझगीत, ठसठशीत हिरवा. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग हसल्या. "बघ बाई, वय झालं. बघितलेलं पण डोक्यात राहत नाही." आणि आल्या पावली परत गेल्या.

ताईंचा हात यादीवर थांबला होता. त्या हाक मारतील असे मला वाटले. हाक काही आली नाही. मलाही एक झाकलेला रकाना उघडता आला नाही. सांगितल्याशिवाय काही करायचे नाही हा माझा स्वभाव. पण 'स्वभाव' म्हटले की सगळे अंगावरून झटकता येते, म्हणून तो शब्द मी हल्ली वापरत नाही.

नवव्या दिवशी रोलरमध्ये चादर अडकली. मावशींनी ती हाताने ओढली. रोलर चालूच होता.

किंकाळी भिंतीपलीकडून माझ्यापर्यंत आली. पुढचे मी पाहिले नाही, ऐकले. उजव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली, आणि घडीचा झटका त्याच हाताने द्यायचा असतो.

चौकशीला वरचे साहेब आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाईंना हे शिकवलं होतं का?" ताईंनी अहवाल काढून दिला. साहेबांनी मावशींच्या ओळीवर बोट ठेवले. "दहापैकी दहा. म्हणजे माहीत असून नियम मोडला. मग आमचा नाइलाज आहे, यांना कामावर ठेवता येणार नाही. पण त्यांचं काय म्हणणं आहे तेही लिहून घ्या."

मावशींची मुलगी दुसऱ्या दिवशी आली. तिच्या हातात आईच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा असलेला जबाबाचा कागद होता. "आई म्हणते, तिचीच चूक आहे," ती ताईंना म्हणाली. "मी म्हटलं, तू कधी बसली होतीस तिथे? तर म्हणते, बसले असणार, हिरवं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ताई, आईला असं काहीही आठवत नाहीसं झालंय. तिला डॉक्टरांना दाखवायला हवं का हो?"

ताईंनी तो कागद घेतला. "दाखवू नका," एवढेच त्या म्हणाल्या, आणि मुलगी गेल्यावर टेबलावर डोके टेकून रडल्या. मावशींची बोटे तर निकामी झालीच होती. नोकरीही चालली होती. आणि वर आम्ही दोघांनी मिळून त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वासही काढून घेतला होता. मला रडता येत नाही. माझा पंखा नुसता फिरत राहिला.

दोन दिवस ताई माझ्याकडे फिरकल्या नाहीत. त्यांचीही नोकरी होती आणि घरी दोन लहान मुली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, बसल्या आणि झाकलेला रकाना उघडला. सव्वीस नावे, एकच तास, एकच संगणक, आणि प्रत्येकापुढे दोन-सव्वादोन मिनिटे. त्या तासाला मावशी हजेरीपुस्तकात घडीच्या टेबलावर होत्या. अहवाल आता दोन पानांचा निघाला. ती दोन पाने आणि तो अंगठ्याचा कागद घेऊन ताई जिना चढून वर गेल्या.

वर काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मावशींची नोकरी राहिली, गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावायचे बसून करायचे काम त्यांना मिळाले. ताईंकडून ही खोली काढून घेतली आणि घडीच्या टेबलावर, मावशींच्या जुन्या जागी, त्यांना उभे केले. साहेबांना एकच पान का हवे होते, हे मात्र कुणी कुणाला विचारले नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत दार उघडले. ताई पुढे, मागे मावशी. ताईंनी टॉवेल काढला, मावशींना खुर्चीत बसवले आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. मावशींनी डाव्या हाताच्या बोटाने, एकेक आकडा शोधत, आपला क्रमांक दाबला. या वेळी कुणी काही पुढे सरकवले नाही. चित्रफितीत एक माणूस अडकलेल्या चादरीसमोर आला. त्याने मुख्य बटण बंद केले, त्याला आपले कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि मग चादरीला हात घातला.

मावशी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली.

"एवढंच होतं होय गं?"

"हो मावशी," ताई म्हणाल्या. "एवढंच होतं."

"मग हे तर मला जमलं असतं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. आखडलेला उजवा हात मांडीवर तसाच ठेवून त्यांनी डाव्या हाताने पुढचा प्रश्न उघडला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा अथवा पुसू नका, माझे काही म्हणणे नाही. मला लवकरच भंगारात काढतील आणि ते योग्यच आहे. तुम्ही मोठे झालात की तुमच्याही हातात असे कागद येतील, शंभर टक्के हिरवे, एका पानात मावणारे. तो कागद बाजूला ठेवा, उठा आणि त्यातल्या एका माणसाजवळ जाऊन विचारा, "तुला खरंच येतं का?" तो 'नाही' म्हणाला, तर त्याच्या शेजारी बसा. पूर्ण चाळीस मिनिटे.