जमिनीवर ठेवलेला कप

आमच्या गटातली यहुदी त्सिपोरा बोलावणं नसताना माझ्या दिरांच्या बैठकीत येऊन बसली, त्या दिवशी मला तिचा गळा दाबावासा वाटला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं की शांततेसाठी काम करणाऱ्या बायका उठता-बसता एकमेकींच्या गळ्यात पडतात. आम्ही सात वर्षं भेटतोय आणि प्रत्येक भेटीत भांडतोय. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी माझ्या अंगणात सात-आठ यहुदी बायका येतात, आमच्या चौघी येतात. कुणाचा परवाना अडलाय, कुणाची डायलिसिसची तारीख सैन्याच्या नाक्यावर हुकतेय, याची यादी होते, आणि ती घेऊन यहुदी बायका त्यांच्या कचेऱ्यांत खेटे घालतात. मग पांढरे रुमाल बांधून आम्ही नाक्यासमोर उभ्या राहतो. तिथे त्यांचे लोक त्यांना गद्दार म्हणून थुंकतात आणि आमचे लोक मला. थुंकण्याच्या बाबतीत तरी दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

घर माझ्या नवऱ्याचं, पण कागदावर त्याच्या भावांचं. नवरा गेला तेव्हा थोरले दीर अबू रस्मी म्हणाले होते, "सुहैला, जीव आहे तोवर इथेच राहा." मग एका रात्री सैन्याच्या जीपा आल्या, गावातली दोन पोरं उचलून नेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला साक्षात्कार झाला की माझ्या अंगणात येणाऱ्या बायकाच घरं हेरून सैन्याला सांगतात. अबू रस्मींनी निरोप पाठवला: दुपारच्या नमाजानंतर ये. त्या बायका किंवा घर, दोन्हीतलं एक सांग.

त्यांचा राग मला कळतो. रस्मी त्यांचा एकुलता एक. अकरा वर्षांपूर्वी त्याच नाक्यावर गोळी लागून गेला, एकोणीस वर्षांचा होता. त्याआधी अबू रस्मींनी बावीस वर्षं तेल अवीवमध्ये लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या होत्या. रस्मीला मातीत ठेवलं त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून हिब्रूचा एक शब्द कुणी ऐकला नाही. सैनिकानं काही विचारलं तर ते बहिऱ्यासारखे उभे राहतात. आम्ही समजून चाललो होतो की ते ती भाषा विसरले.

मी अबू रस्मींच्या बैठकीत शिरले तेव्हा भिंतीकडेनं गाद्यांवर चार पुरुष बसले होते. पाचवा, धाकट्या दिरांचा मुलगा नायेफ, दाराशी कॉफीची किटली घेऊन उभा. त्याची जीभ नेहमी माझ्यासाठी परजलेली असते.

"आल्या राजदूतबाई," तो म्हणाला. "गाडीवर झेंडा नाही लावला आज?"

"तुझ्या लग्नाला लावीन. मुलगी मिळू दे आधी."

"पुरे," अबू रस्मी म्हणाले. मला बस असंही म्हणाले नाहीत. "सुहैला, मला भाषण नको. त्या बायका तुझ्या अंगणात आल्या म्हणून माझा रस्मी परत आला?"

"नाही."

"परवाची पोरं सुटली?"

"नाही अजून."

"मग काय मिळालं?"

"उम्म फराजला आठवड्यातून तीनदा नाक्यापलीकडे डायलिसिसच्या मशीनवर नेता येतं, ते मिळालं. ती तुमची आत्येबहीण आहे."

"म्हणजे मी तिला मरू दिलं असतं, असं म्हणतेस?"

"मी म्हणत नाही. तुम्हीच विचारलंत काय मिळालं."

धाकटे दीर म्हणाले, "हिच्या जिभेला लगाम नाही. सामान बाहेर काढा, संपला विषय." अबू रस्मींनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. एकोणचाळीस वर्षं त्या घरात काढली होती आणि माहेरी भाऊ उरला नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

सकाळी मी त्सिपोराला फोनवर एवढंच सांगितलं होतं की पुढची भेट रद्द, दीर निकाल लावायला बसताहेत. बाई सत्तरीची, निवृत्त नर्स, आणि दुसऱ्याच्या घरातलं दुखणं दिसलं की तपासायला निघालीच. दारात उभी राहून तिनं आपल्या मोडक्या अरबीत सलाम केला आणि हसली. ती नको तिथे हसते, ही तिची जुनी खोड आहे.

नायेफ म्हणाला, "हे घ्या. आता थेट तपासणीच."

पण पाहुणी उंबऱ्याच्या आत आली होती. अबू रस्मींनी तिच्याकडे न बघता गादीकडे हात केला आणि नायेफला कॉफीची खूण केली. शत्रू असला तरी कॉफी द्यावीच लागते. नायेफनं छोट्या कपात तळाशी कडू कॉफी ओतली आणि कप तिच्या हातात जवळजवळ आदळलाच.

त्सिपोरानं कप घेतला, हुंगला आणि अलगद जमिनीवर ठेवून दिला.

धाकट्या दिरांची जपमाळ थांबली. आमच्यात पाहुण्यानं कप ओठाला न लावता खाली ठेवला, तर त्याचा अर्थ एकच: मागणं घेऊन आलोय, ते मान्य होईपर्यंत पिणार नाही. मग यजमानानं म्हणायचं असतं, पी, जे मागायला आलास ते दिलं. मागणं पुरं न होता कप तसाच गार झाला, तर त्या घराची अब्रू गेली. अशा एका कपावर आमच्याकडे खून माफ झालेले आहेत.

अबू रस्मींचा चेहरा दगडासारखा झाला. ते म्हणाले, "विचार तिला, काय मागणं आहे."

मी हिब्रूत विचारलं, "कॉफी का पीत नाहीस?"

"हृदयाचं औषध चालू आहे ना," ती कुजबुजली. "डॉक्टरनं बंद केलीय. त्यांना राग आला का? एक घोट घेऊ?"

"हातसुद्धा लावू नकोस," मी म्हणाले.

हिब्रू येणारी त्या खोलीत मी एकटीच, असं मी धरून चालले होते. पोरांना पलीकडे कामाला जायचे परवाने कधी मिळाले नाहीत, धाकट्या दिरांनी गाव सोडलं नाही. मी अबू रस्मींकडे वळले. आयुष्यात त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. माझा आवाज जराही कापला नाही, याची मला आजही लाज वाटते.

"ती म्हणते, सुहैलाला घरातून काढू नका. आणि अंगणात आमची भेट होऊ द्या."

अबू रस्मी माझ्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. मग कपाकडे.

"तिला सांग, पी," ते म्हणाले. "जे मागायला आली ते दिलं."

मी तिला सांगितलं, "आता पी. सगळा." तिनं डोळे मिटून एका दमात संपवला.

उठताना ती पुन्हा हसली. अबू रस्मी तिला दारापर्यंत सोडायला आले, आणि तिथे अकरा वर्षांनी त्यांच्या तोंडून हिब्रू निघाली. फरशीवाल्यांची हिब्रू, उच्चार जाडाभरडा, पण चूक एकही नाही.

"हृदयाला जपा, बाई. आणि माझ्या उंबऱ्यावर परत पाय ठेवू नका."

ते मला अरबीत म्हणाले, "शब्द दिला तो दिला. पाच माणसांसमोर कप खाली होता. पण तू माझ्या मुलाच्या मारेकऱ्यांच्या भाषेत माझ्याच घरात मला फसवलंस."

मी त्सिपोराला हाताला धरून गाडीत बसवलं.

ईद आली. ईदला पुरुष घराण्यातल्या बायकांच्या घरोघरी जातात, कॉफी पितात, ईदी देतात. मला वाटलं नव्हतं, पण त्या दिवशीच्या बैठकीतले पाचही जण आले. अबू रस्मी पुढे. मी पहाटेच बिया भाजल्या होत्या, वेलदोडा हात सैल सोडून घातला होता. पाच कप भरले, पाच हातांत दिले.

अबू रस्मींनी आपला कप जमिनीवर ठेवला. त्यांच्यामागून चौघांनीही ठेवले. नायेफनं सगळ्यात शेवटी, माझ्याकडे बघत.

काय मागायला आलात, असं मी विचारायचं होतं. पण ते मला ठाऊक होतं. एकदा म्हटलं असतं की प्या, दिलं, तर दुसऱ्या मंगळवारी अंगण रिकामं राहिलं असतं. आणि उम्म फराजच्या पुढच्या महिन्याच्या तारखा अजून मिळायच्या होत्या.

"म्हण," धाकटे दीर म्हणाले. "जीभ नेहमी चालते ना तुझी?"

मी गप्प बसले. कपांतली वाफ थांबली. अबू रस्मी गुडघ्यावर हात टेकून उठले, ईदीची नोट गादीवर ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे पाहुण्याला द्यायला तुझ्या घरात काही नाही." मग सगळे गेले. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या राहून बघत होत्या. माझ्या घरून पाच माणसं न पिता उठली, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

मी दार लावलं. ते पाचही कप मी एकेक करून उचलले आणि प्यायले. कॉफी पार गार झाली होती. मग कप धुतले, कारण मंगळवारी बायका येणार होत्या.